विजयदुर्गची पिवळी रेघ आणि धक्क्यावरची कालवं

विजयदुर्गच्या किल्ल्यात गेलात की कोणी ना कोणी तुम्हाला ‘साहेबाचे ओटे’ दाखवतोच. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं, साहेबानं दुर्बिणी मांडायला हे ओटे बांधले आणि इथूनच सूर्यावरचा हेलियम शोधला, असं गावात सांगतात. त्या तारखेला किल्ल्यात हेलियम दिनही साजरा होतो. शाळेत असताना ही गोष्ट अर्धीच ऐकल्यामुळे माझा बरेच दिवस समज होता की साहेबाला हेलियम ओट्याखाली पुरलेला सापडला.

खरा इतिहास जरा आडवाटेनं जातो. ज्यांच्या नावावर हा शोध सांगतात ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हतेच. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. ग्रहणात सूर्याच्या कडेला ज्या ज्वाळा दिसतात त्यांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणारा पट्टा, त्यांनी पाहिला, आणि त्यातल्या रेघा इतक्या ठळक होत्या की त्या ग्रहणाशिवायही दिसतील हे त्यांच्या ध्यानात आलं. लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणबिहण काही नसताना, त्या पाहून दाखवल्या. त्यात एक पिवळी रेघ होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेघांच्या शेजारची, पण त्यांच्यावर न बसणारी. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अनोळखी पदार्थाला हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर तो विल्यम रॅम्झी यांच्या हाती लागला थेट १८९५ मध्ये.

हे सगळं मी यंदा मे महिन्यात डोंबिवलीहून आलेल्या भाच्याला किल्ल्यावर सांगत होतो आणि त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या डोक्यात मोबाइलवर पाहिलेला एक व्हिडिओ घोळत होता. किल्ल्यावरून उतरून आम्ही खाडीच्या धक्क्यावर आलो तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

“मामा, गुरुत्वाकर्षण किंचित कमी-जास्त असतं तर धड तारेच झाले नसते म्हणे. कार्बन झाला नसता. सगळं अगदी आपल्या मापानं शिवल्यासारखं आहे. कोणी मुद्दाम केल्याशिवाय असं होईल का?”

ओहोटी लागलेली. काकी धक्क्याच्या खांबाशी बसून कोयतीनं कालवं काढत होती. मान वर न करता म्हणाली, “आधी ह्या कालवांक इचार. तेंकाय वाटत असतला, ह्यो खांब आमच्यासाठीच बांधलो.”

काकीनं गंमत केली, पण प्रश्नाच्या अर्ध्या भागाचं उत्तर तिच्या त्या एका वाक्यात होतं. अर्ध्याच भागाचं, हे आधीच सांगतो.

ओहोटीला धक्क्याचा खांब नीट पाहा. वरचा भाग कोरडा, मिठानं पांढुरका. मध्ये हातभर रुंदीचा खरखरीत पट्टा, त्यात कालवं एकमेकांना चिकटून दाटीवाटीनं बसलेली. खाली पुन्हा ती विरळ होत जातात आणि चिखल सुरू होतो. एखाद्या गवंड्यानं ओळंबा लावून काढल्यासारखा तो पट्टा सरळ असतो. वर गेलं तर उन्हानं सुकून मरायचं, फार खाली गेलं तर गाळात गुदमरायचं नाहीतर शत्रूच्या तोंडी जायचं. उधाणाला पाणी किती चढतं आणि भांगाला किती, याचा हिशेब करून कोणीतरी कालवांना नेमक्या उंचीवर बसवलंय असंच वाटेल.

पण कालवाची पिल्लं पाण्यात तरंगत येतात आणि मिळेल तिथं चिकटतात. वर चिकटलेली मेली, खाली चिकटलेली मेली, मधली जगली. आपण आज पाहतो तो पट्टा म्हणजे जगलेल्यांची रांग आहे. मेलेल्यांचा हिशेब खांबावर कुठं लिहिलेला नसतो. त्या पट्ट्यातल्या कालवाला विचार करता आला असता तर ते म्हणालं असतं, काय बरोब्बर जागा आहे! चुकीच्या जागेवरून असं आश्चर्य करायला कोणी उरलेलंच नसतं.

पृथ्वीचं असंच आहे. सूर्यापासून बेताच्या अंतरावर, पाणी द्रवरूप राहील इतकी ऊब, बऱ्यापैकी दाट हवा. हे सगळं जमून आलं याचं नवल वाटतं ते आपण एकच ग्रह धरून बसतो म्हणून. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परका ग्रह १९९५ मध्ये सापडला, आणि आता खात्री झालेल्या ग्रहांची संख्या ६ हजारांच्या घरात आहे. त्यातले बहुतेक भाजून निघालेले, गोठलेले किंवा नुसतेच वायूचे गोळे. खांब लांबलचक आहे, आणि आपण त्याच्या ज्या पट्ट्यात जगता येतं तिथं आहोत. दुसरीकडे कुठं असणार? शिवाय पृथ्वीवर सुरू झाल्यानंतरही जीवसृष्टीनं स्वतःला हवापाण्याप्रमाणे घडवत नेलं. खाजणातल्या तिवराची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात. म्हणून कोणी चिखल तिवरासाठी कालवला असं म्हणत नाही.

तेव्हा ‘पृथ्वी आपल्याला कशी इतकी मानवते’ हा प्रश्न फारसा अवघड नाही. गोंधळ होतो तो पुढं. लोक हे उत्तर उचलतात आणि दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवतात.

दुसरा प्रश्न असा: कालवं कुठल्याही उंचीवर बसोत, मुळात खांब का आहे? पाणी का आहे? ज्या चुनखडीचे त्यांचे शिंपले बनतात त्यातला कॅल्शियम, कार्बन, ऑक्सिजन कुठून आला? इथं काकीचा युक्तिवाद चालत नाही, निदान सरळसरळ चालत नाही. कारण ग्रह हजारो दिसतात, विश्व एकच दिसतं.

आपल्या विश्वाचे नियम लिहायला बसलं तर समीकरणांबरोबर काही आकडेही लिहावे लागतात. गुरुत्वाकर्षण किती जोराचं, विद्युत बल किती, अणुकेंद्राला बांधून ठेवणारं तीव्र बल किती, इलेक्ट्रॉन किती जड. हे आकडे कुठल्याही सिद्धांतातून निघत नाहीत, प्रयोगशाळेत मोजावे लागतात. आजच्या कणभौतिकीत असे २० ते २५ आकडे ‘असे आहेत, कारण असे आहेत’ म्हणून घातलेले आहेत. त्यातले काही जरा इकडेतिकडे केले तर काय होईल, हे कागदावर तपासता येतं.

इथं मला मोदकाची उकड आठवते. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी. पाणी कमी पडलं तर पारीला चिरा पडतात, जास्त झालं तर उकड हाताला चिकटते आणि कळ्या उभ्या राहत नाहीत. गुळाचं तसं नाही, चमचाभर इकडेतिकडे झाला तरी मोदक मोदकच राहतो. विश्वाच्या आकड्यांतही असे दोन प्रकार निघाले. काहींना भरपूर सैलपणा आहे. काहींना मात्र पाण्याइतकी काटेकोर मर्यादा आहे, निदान तशी दिसते. यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कार्बनचं, आणि त्याची सुरुवात होते ओट्यांवरच्या त्या हेलियमपासून.

विश्वाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत जी अणुकेंद्रं शिजली त्यात वजनानं सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन होता आणि एक चतुर्थांश हेलियम. पुढं गाडी अडली. याला कारण आहे. हेलियमच्या केंद्रात चार कण असतात, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. त्याला एक जोडला तर पाच होतात, पण पाच कणांचं टिकाऊ केंद्र निसर्गात नाही. दोन हेलियम जोडले तर आठ होतात, आणि आठ कणांचंही टिकाऊ केंद्र नाही. म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्याच गायब. मग बारा कणांचा कार्बन आला कुठून?

या प्रश्नाला हात घातला फ्रेड हॉइल यांनी. मराठी वाचकांना ते जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू म्हणून ठाऊक असतील. हॉइल यांना महास्फोटाची कल्पना पटलेली नव्हती. गंमत म्हणजे त्या कल्पनेचं ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना दिलं. विश्वाला तापलेली सुरुवातच नसेल तर जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात बनली असं दाखवणं त्यांना भाग होतं. महास्फोटाबद्दल ते चुकले. ताऱ्यांबद्दल मात्र बरोबर निघाले.

म्हाताऱ्या ताऱ्याच्या गाभ्यात तापमान १० कोटी अंशांवर गेलं की हेलियमची केंद्रं एकमेकांवर आदळू लागतात. दोन एकत्र आली की आठ कणांचं बेरिलियम बनतं आणि सेकंदाच्या अब्जांशाच्याही कोट्यंशात फुटतं. तेवढ्यात तिसरा हेलियम येऊन धडकला तरच कार्बन. एडविन सालपीटर यांनी १९५२ च्या सुमारास हा मार्ग सुचवला. हॉइल यांनी हिशेब केला तर कार्बन फारच कमी बनत होता. विश्वात प्रत्यक्षात तो भरपूर आहे. मग हिशेबात राहिलं काय?

हे समजायला धक्क्याच्या पायऱ्यांकडे या. आमच्याकडे तरीतून, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीतून, उतरताना पाणी पायरीच्या बरोबरीला आलं असेल तर म्हातारी माणसंसुद्धा पाय टाकून सहज वर येतात. पाणी दीड हात खाली असेल तर उडी मारावी लागते, आणि बहुतेक जण होडीतच राहतात. अणुकेंद्राच्या ऊर्जेलाही अशाच ठरीव पायऱ्या असतात, मधल्या जागी उभं राहता येत नाही. तीन हेलियमची मिळून जी ऊर्जा असते ती म्हणजे होडी. तिच्या बरोबरीला कार्बनची पायरी असेल तर उतरणं सोपं होतं आणि कार्बन कितीतरी पटींनी जास्त बनतो. नसेल तर होडी धक्क्याला लागून तशीच परत जाते.

हॉइल यांनी उलटा विचार केला. कार्बन भरपूर आहे, त्या अर्थी पायरी असलीच पाहिजे, आणि तिची उंची अमुक इतकी असली पाहिजे. १९५३ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये विली फाउलर यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि पाहुण्यानं यजमानांना कामाला लावावं तसं सांगितलं, ही पायरी शोधा. वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. पायरी सापडली, ७.६५ एमईव्हीवर. एमईव्ही म्हणजे केंद्रांच्या जगातलं ऊर्जेचं माप, त्याच्याकडे नुसतं उंची म्हणून पाहा. तीन हेलियमची होडी शांत पाण्यात ७.२७ वर असते. म्हणजे पायरी जराशी वर आहे, पण ताऱ्याच्या उष्णतेनं होडी लाटेवर हलते, उचलली जाते आणि पायरी गाठते. उंची याहून फार वर असती तर लाट पोचली नसती.

गोष्ट इथं संपत नाही. तयार झालेल्या कार्बनला आणखी एक हेलियम धडकला की ऑक्सिजन बनतो. इथंही पायरी नेमकी बरोबरीला असती तर सगळा कार्बन झरझर ऑक्सिजन होऊन गेला असता. ऑक्सिजनची जवळची पायरी आहे ७.१२ वर, आणि कार्बन-हेलियमची होडी शांत पाण्यातच ७.१६ वर असते. लाटेनं होडी वरच जाणार, खाली नाही. म्हणजे पायरी केसभर खाली राहून गेली आणि वरची पुढची पायरी फार उंच. म्हणून थोडा कार्बन ऑक्सिजन होतो, थोडा उरतो. दोन्ही मिळतात. काकीच्या टोपलीतल्या कालवाच्या शिंपल्यात दोन्ही असतात.

ही गोष्ट सांगताना एक फोडणी हटकून घातली जाते: ‘आपण आहोत, म्हणून ही पायरी असलीच पाहिजे असं हॉइल म्हणाले.’ १९५३ मध्ये त्यांचा युक्तिवाद साधा होता, विश्वात कार्बन दिसतो आहे एवढाच. जीवसृष्टीशी त्याची सांगड नंतर घातली गेली, हॉइल यांनी स्वतःही पुढं घातली. त्यामुळे गोष्टीची किंमत कमी होत नाही, पण विजयदुर्गच्या ओट्यांसारखंच इथंही जे घडलं ते आणि जे सांगतात ते यांत थोडं अंतर आहे.

पायऱ्या किती हलल्या तर चालतील? १९८९ मध्ये मारिओ लिव्हिओ आणि सहकाऱ्यांनी हिशेब केला. कार्बनची पायरी ०.०६ नं सरकली तरी विशेष बिघडत नाही, त्याच्या चार-पाच पट सरकली तर कार्बनचं उत्पादन खूप घटतं. २००० मध्ये हाइन्झ ओबरहुमर आणि सहकाऱ्यांनी मुळाशी जाऊन पाहिलं. पायरीची उंची ज्या बलांवर ठरते ती बलंच बदलली तर काय होतं? तीव्र बल अर्ध्या टक्क्यानं किंवा विद्युत बल ४ टक्क्यांनी बदललं तरी ताऱ्यांत कार्बन नाहीतर ऑक्सिजन, दोहोंपैकी एक जवळजवळ नाहीसा होतो. अर्धा टक्का म्हणजे उकडीच्या पाण्यात दोनशे चमच्यांमागे एक चमचा. माझ्या आईच्या हातालाही एवढा बारीक फरक कळत नसे.

बाकीची उदाहरणं थोडक्यात सांगतो. न्यूट्रॉन हा प्रोटॉनपेक्षा ०.१४ टक्क्यानं जड आहे. म्हणून सुटा न्यूट्रॉन साधारण पंधरा मिनिटांत मोडतो आणि प्रोटॉन टिकतो. पारडं उलटं पुरेसं झुकलं असतं तर हायड्रोजनच टिकला नसता, म्हणजे पाणी नाही. गुरुत्वाकर्षण दोन प्रोटॉनमधल्या विद्युत बलाच्या मानानं १ वर ३६ शून्यं इतक्या पटींनी दुबळं आहे. हे अंतर कमी असतं तर तारे लहान झाले असते आणि त्यांनी आपलं इंधन घाईनं संपवलं असतं. उत्क्रांतीला अब्जावधी वर्षं लागतात, तेवढा दम त्यांना निघाला नसता.

लोक या यादीत बर्फ तरंगण्याचाही समावेश करतात. ती गोष्ट आहे खरी नवलाची. थंडीच्या दिवसांत बाटलीतलं खोबरेल थिजायला लागतं तेव्हा घट्ट गोळे खाली बसतात, बहुतेक पदार्थांची रीतच ती. बंदरावर मासळीच्या टबात टाकलेला बर्फ मात्र वर येतो. थंड देशातली तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात ते यामुळेच. पण बर्फ तरंगावा म्हणून निसर्गात वेगळा आकडा ठेवलेला नाही. पाण्याच्या रेणूंची एकमेकांना धरायची जी पद्धत आहे तिच्यातून ते आपोआप येतं. अशा गोष्टी यादीत भरल्या की यादी लांब दिसते, वजन वाढत नाही.

खरा डोंगराएवढा आकडा वेगळाच आहे. रिकाम्या पोकळीलाही स्वतःची ऊर्जा असावी असं पुंजभौतिकी, म्हणजे अणूच्या आतल्या बारीक जगाचं शास्त्र, सांगते. ढोबळ हिशेब केला तर ती जितकी यायला हवी त्यापेक्षा प्रत्यक्षातली ऊर्जा १ वर १२० शून्यं इतक्या पटींनी कमी आहे. ती थोडी मोठी असती, म्हणजे आजच्या काहीशे पट असती, तरी विश्व इतक्या वेगानं फाकलं असतं की दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे अफाट थवे, जमायलाच वेळ मिळाला नसता. दीर्घिका नाहीत म्हणजे तारे नाहीत, हेलियम शिजवायला चूल नाही.

भाच्याचं समाधान झाल्यासारखं दिसलं. “म्हणजे मी म्हणतो तेच ना?”

नाही. इथं दोन अडचणी आहेत, आणि व्हिडिओवाले त्या सांगत नाहीत.

पहिली अडचण पुन्हा उकडीची. आपण एकच आकडा हलवतो, बाकीचे आहे तिथंच ठेवतो आणि म्हणतो, बघा, बिघडलं. पण नव्या तांदळाची पिठी असेल तर पाणी कमीच लागतं. तांदूळ आणि पाणी दोन्ही बदलले तर पुन्हा उत्तम उकड निघते. २००६ मध्ये तीन भौतिकशास्त्रज्ञांनी क्षीण बल (सुटा न्यूट्रॉन ज्याच्यामुळे मोडतो ते) अजिबात नसलेलं विश्व कागदावर मांडलं, बाकीचे आकडे सांभाळून घेतले, आणि त्यातही तारे जळतात असं दाखवलं. तिथं ऑक्सिजन पुरेसा बनेल का यावर लगेच वाद झाला, पण मुद्दा पोचला. कार्बनचंच घ्या. आठ कणांचं बेरिलियम टिकाऊ व्हायला केवळ ०.०९ एमईव्हीनं कमी पडतं. बलं किंचित वेगळी असती आणि ते टिकलं असतं, तर हॉइल यांच्या पायरीवाचूनही कार्बन बनला असता. जगण्याजोगी विश्वं बहुधा एकाच ठिपक्यावर नाहीत, विखुरलेल्या बेटांसारखी असावीत. बेटं मोठी की लहान, यावर अजून भांडण आहे.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. ‘असं घडण्याची शक्यता अत्यल्प होती’ असं म्हणायला आधी काय काय घडू शकलं असतं हे माहीत हवं. समजा एखाद्यानं आयुष्यात एकच माड पाहिला, तोही साठ फूट उंच. हा माड कमालीचा उंच आहे असं त्याला म्हणता येईल का? त्याला दुसरे माड दाखवा, मग बोलेल. विश्वाचे आकडे कुठल्या टोपलीतून निघाले, टोपलीत आणखी कुठले आकडे होते, की टोपली नव्हतीच आणि ते असेच असणं अटळ होतं, यातलं काहीच आपल्या हाती नाही. त्यामुळे ‘अब्जात एक शक्यता’ छापाची विधानं ऐकली की मी खिशावर हात ठेवतो.

मग काकीचा खांब दुसऱ्या प्रश्नाला लावता येईल का? १९७३ मध्ये पोलंडमधल्या क्राकूवमध्ये कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीनिमित्त शास्त्रज्ञ जमले होते. कोपर्निकसनं पृथ्वीला मधल्या पाटावरून उठवलं. तिथंच ब्रँडन कार्टर यांनी सांगितलं की आपली जागा मध्यभागी नसली तरी ती अगदी कुठलीही नाही. निरीक्षक जिथं असू शकतो तिथूनच निरीक्षण होणार, याची वजावट हिशेबात केली पाहिजे. याला त्यांनी जे नाव दिलं त्याचं मराठी मानवकेंद्री तत्त्व असं करतात. नाव फसवं आहे, कारण मानव केंद्री आहे असं त्यात मुळीच म्हटलेलं नाही. रॉबर्ट डिकी यांनी १९६१ मध्येच याचा एक छान वापर करून दाखवला होता. विश्व इतकं जुनं आणि म्हणून इतकं मोठं का? कारण कार्बन शिजायला ताऱ्यांची एक पिढी जन्मून मरावी लागते. विश्व कोवळं असताना हा प्रश्न विचारायला कोणी असणारच नाही. आज त्याचं वय १३.८ अब्ज वर्षं आहे.

हेच तत्त्व आकड्यांना लावायचं तर खांब लांब हवा, म्हणजे विश्वं पुष्कळ हवीत, प्रत्येकात आकडे वेगळे. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये पोकळीच्या ऊर्जेबद्दल असा हिशेब केला. विश्वं अनेक असतील तर आपल्या विश्वातली ही ऊर्जा दीर्घिका बनू देण्याइतकी लहान हवी, पण त्याहून उगाच फार लहान असायचं कारण नाही. म्हणजे ती शून्य नसावी. तेव्हा बहुतेकांची समजूत होती की ती शून्यच असणार. १९९८ मध्ये दूरच्या स्फोटताऱ्यांवरून विश्वाचं फाकणं वेगानं वाढतं आहे असं दिसलं. ऊर्जा शून्य नव्हती, आणि वाइनबर्ग यांच्या मर्यादेच्या आत होती. या विचारसरणीच्या खात्यावर जमा झालेली ठोस रक्कम एवढीच, पण ती रक्कम लहान नाही.

तरीही अडचण राहते. आमच्याकडे देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या लावायच्या, डावी पडली तर एक उत्तर, उजवी पडली तर दुसरं. कौलाचा नियम असा की प्रश्न असा विचारायचा ज्याचं उत्तर कळीला देता येईल. दुसरी विश्वं आपल्याला कधीच दिसणार नसतील तर त्यांच्या असण्यानसण्याचा कौल कुठल्या कळीनं लावायचा? भाच्याच्या ‘कोणीतरी मुद्दाम केलं’ यालाही हीच अडचण लागू होते. ते मानणाऱ्यानं मानावं, माझी तक्रार नाही. पण आकडे काहीही निघाले असते तरी जे उत्तर तेच राहिलं असतं, त्याची तपासणी करता येत नाही. तिसरा पर्याय, की उद्या एखादा खोल सिद्धांत हे २०-२५ आकडे स्वतःहून काढून देईल, हा मला मनातून आवडतो. आवडणं म्हणजे पुरावा नव्हे.

आणि विश्व जीवसृष्टीला मानवतं हे वाक्यही जरा जपूनच वापरावं. जवळजवळ सगळं विश्व म्हणजे गोठलेली पोकळी आहे. धक्क्याच्या खांबावर तरी हातभर पट्टा आहे.

“मग ज्या हेलियमचा कार्बन झाला नाही, त्याचं काय?” भाच्यानं विचारलं. दिवसभरातला त्याचा पहिला प्रश्न, जो व्हिडिओतला नव्हता.

बहुतेक हेलियम अजून हेलियमच आहे. सूर्याच्या पोटात तर रोज नवा तयार होतो आहे. तिथलं तापमान आज दीड कोटी अंश, तेवढ्या लाटेनं होडी पायरीपर्यंत पोचत नाही. आणखी पाचेक अब्ज वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपेल, सूर्य फुगून लाल होईल, गाभा आकसून १० कोटी अंशांवर जाईल. मग तिथल्या हेलियमची होडी त्या ७.६५ च्या पायरीला लागेल.

त्यानं पायऱ्यांकडे पाहिलं. खालच्या दोन बुडाल्या होत्या. काकीनं टोपली कमरेला लावली आणि म्हणाली, “उठा रे, भरती इली.”